दुपारची बावीस मिनिटं

बर्लिन, ९ फेब्रुवारी २००४

हेर पाश्के,

नमस्कार. पाय कसे आहेत? हल्ली मी सगळ्यांना हेच विचारते, फोनवर आईलासुद्धा. तुम्ही आमच्या इस्पितळातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडलात त्याला पुढच्या आठवड्यात तीन महिने होतील. बाकीच्यांना आम्ही दोन्ही बाजूंनी धरून जिन्यापर्यंत नेलं होतं. तुम्ही मात्र "सोडा हो, मी छपरावरचा माणूस" म्हणून चालू लागलात, हे अजून डोळ्यांसमोर आहे.

तुमच्याकडे एक काम आहे. आमच्या अभ्यासासाठी तुम्ही वीस जण छप्पन दिवस पडून होतात. त्यातल्या दहा जणांना आम्ही दिवसातून दोनदा, झोपवूनच, खांद्या-कमरेला पट्टे बांधून कंपनाच्या फळीला पाय टेकवायला लावत होतो. तुम्ही आणि आणखी नऊ जण नुसते पडून होतात. प्रत्येकाच्या पोटरीची चित्रं आधी आणि नंतर काढली होती, ती आता मोजून झाली. नुसत्या पडलेल्या नऊ जणांची पोटरी चांगलीच वाळली, जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. तुमची जवळपास तशीच आहे. मी तीन वेळा मोजली. प्राध्यापकांनी चौथ्यांदा मोजली आणि चष्मा पुसला.

असं होत नाही, हेर पाश्के. अंगावर भार नसला की स्नायू तर वाळतातच, शिवाय त्यांना हुकूम देणाऱ्या नसाही आळसावतात. तुमच्या नसांत काही वेगळं असेल तर ते आम्हाला कळायला हवं. घराण्यात कुणाचे पाय असे होते का? लहानपणी काही खेळ? सविस्तर लिहा. आणि जमलं तर एक दिवस इथे या, गुडघ्यावर हातोडी मारून बघायची आहे.

तुमची,
विबके हार्मसेन


टेम्प्लिन, १५ फेब्रुवारी २००४

फ्राऊ डॉक्टर हार्मसेन,

पत्र मिळालं. संगणक आमच्याकडे बायकोचा आहे आणि ती मला त्याला हात लावू देत नाही, म्हणून हातानेच लिहितोय. अक्षर लागलं नाही तर औषधाच्या दुकानात नेऊन दाखवा.

पाय ठणठणीत आहेत. बुधवारी चर्चच्या उत्तर बाजूची कौलं बसवायला चढलो होतो. आमचा माणूस खालून ओरडला, "मालक, पडून पडून उलट तरुण झालात की." मी म्हणालो, बर्लिनच्या नर्सांची कृपा.

घराण्याचं म्हणाल तर आमच्यात चार पिढ्या छपरं शाकारतात. आजोबा ऐंशीव्या वर्षी शिडीच्या शेवटच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून पाइप पेटवायचे. आमचा म्हातारा शेहेचाळीस वर्षं छपरावर होता, कधी घसरला नाही. गेल्या मार्चमध्ये स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून दिवा बदलायला गेला आणि खुबा मोडला. तेव्हापासून इथल्या वृद्धनिवासात पडून आहे. त्याच्यामुळेच मी तुमच्याकडे आलो, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलंच होतं. ही थरथर पडून असलेल्या माणसाच्या कामाची आहे का, एवढंच मला बघायचं होतं. तुम्ही चिठ्ठ्या टाकल्यात आणि मला पडीक गटात घातलंत, त्याला इलाज नाही.

तेव्हा पाय घराण्यातूनच आले असणार. लहानपणी बर्फावर घसरायचो, तळ्यात पोहायचो, एवढंच.

म्हाताऱ्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, पाश्केंचं लाकूड आहे. अकरा महिने होत आले, इतका खूश मी त्याला बघितला नव्हता.

रूडिगर पाश्के


बर्लिन, २ मार्च २००४

हेर पाश्के,

तुम्ही येऊन गेलात, त्याबद्दल आभार. मला डॉक्टर म्हणू नका. हा प्रबंध मान्य झाला तर म्हणा, तोवर मी नुसती बाई.

हातोडीचं उत्तर आलं: तुमचा पाय चारचौघांसारखाच उडतो. थोडा हळूच, खरं तर. त्यामुळे कोडं आणखी वाढलं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, फळी नेमकं काय करते. हातोडीचा ठोका पडला की स्नायू झटकन ताणला जातो. स्नायू पाठीच्या कण्याला कळवतो, कणा तिथूनच हुकूम सोडतो, "आवळ". मेंदूला कुणी विचारत नाही. फळी हाच ठोका सेकंदाला वीस-पंचवीस वेळा देते. माणूस पडलेला असो, थकलेला असो, कंटाळलेला असो, पोटरी आपली आवळते आणि सोडते. तुमच्या खोलीतले ट्राम चालवणारे डेटलेफ म्हणायचे ना, "मी पेपर वाचतो, पाय नोकरी करतात", ते अगदी बरोबर होतं. त्यांची पोटरी छान टिकली आहे.

पण अडचण अशी की तुमचीही टिकली आहे. दहातला एक जण असा निघाला की दोन गटांतला फरक पुसट होतो, आणि हिशेबाला तो योगायोग वाटतो. म्हणून एकदा स्पष्टच विचारते. पलंगावर असताना तुम्ही काही करत होतात का? पाय आवळणं, पलंगाच्या दांड्याला टाचा रेटणं, काहीही. केलं असेल तर मी रागावणार नाही. फक्त आत्ताच सांगा. मे महिन्यात हे सगळं परिषदेपुढे जायचं आहे.

तुमची,
विबके हार्मसेन


टेम्प्लिन, १४ मार्च २००४

फ्राऊ हार्मसेन,

उत्तराला उशीर झाला. वादळाने अर्ध्या गावाची छपरं उचकटली, श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

तुम्ही विचारलंत तसं काही केल्याचं आठवत नाही. कंटाळा आला की पायाची बोटं हलवत असेन. तेवढं कोण हलवत नाही? दिवसभर छताकडे बघायचं, पडूनच जेवायचं, पडूनच भांड्यात सगळं उरकायचं, यात माणूस काय करणार.

इथे तुमची चौकशी जोरात आहे. म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून साप्ताहिकवाल्याने माझा फोटो छापला, म्हणजे पोटरीचाच, तोंड कोपऱ्यात आहे. बेकरीत बायका काउंटरवरून वाकून बघतात. वृद्धनिवासाच्या बाईंनी भिंतीलगतचं कपाट हलवून फळीसाठी जागा मोकळी करून ठेवली आहे. तुमचा अहवाल चांगला आला की त्यांच्या मंडळाकडे मागणी जाणार. पहिला नंबर कुणाचा, यावर म्हातारा आणि समोरच्या खोलीतला पोस्टमन रोज भांडतात.

तेव्हा अहवाल लवकर पाठवा.

रूडिगर पाश्के


बर्लिन, २० एप्रिल २००४

हेर पाश्के,

अहवाल झाला. निष्कर्ष असा, की कंपनामुळे पोटरी टिकते असं खात्रीने म्हणता येत नाही.

टेम्प्लिनच्या निवासातून प्रत मागवली होती, म्हणून त्यांनाही एक पाठवली. वडिलांना वाईट वाटेल, त्याची मला कल्पना आहे. यापेक्षा जास्त काय लिहू ते कळत नाही.

विबके हार्मसेन


टेम्प्लिन, २ मे २००४

फ्राऊ हार्मसेन,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन शेगडीत गेली.

मी उठत होतो. पलंगावरून उतरून उभा राहत होतो, रोज.

पहिले अठरा दिवस मी इमानाने पडून होतो, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून वाचा. एकोणिसाव्या दिवशी सकाळी नर्सने अंग पुसलं तेव्हा माझी पोटरी हाडावरून खाली लोंबत होती. डेटलेफ शेजारून म्हणाला, "पाश्के, तुझी पोटरी बघून आजीच्या सोललेल्या कोंबडीची आठवण येते." मी हसलो. तो फळीवरून नुकताच परत आला होता, त्याची पोटरी दगडासारखी होती, वर पायांना मुंग्या येतात म्हणून तक्रार करत होता. मला मात्र म्हाताऱ्याचे पाय आठवले. मी ते कधी बघितलेले नाहीत. नर्स पांघरूण काढायला लागली की मी खिडकीशी जातो. पण पांघरुणाखाली काहीच उंचवटा दिसत नाही, तेवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी घाबरलो. सरळ सांगायचं तर मी भ्यालो. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, चर्चच्या मनोऱ्यावर दोरीला लटकून जेवणारा, पांघरुणाला भ्यालो.

एक वाजता वॉर्डात पडदे ओढून शांतता पाळायचे, नर्सा कॉफीला जायच्या. मी उठलो. डोकं इतकं गरगरलं की खिडकीचा कठडा धरून ठेवला. मग चवड्यांवर वर, टाचा खाली. वर, खाली. छपरावर आम्ही असंच उभे असतो, पोटरीला ते ओळखीचं होतं. आज एकदाच, असं म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो. डेटलेफने डोळा उघडला आणि मिटला. तो म्हणाला, "मी झोपलोय रे." शेवटपर्यंत तो झोपलेलाच राहिला, त्याच्यावर रागावू नका.

बाहेर आल्यावर सांगणार होतो. पण तुम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलात. मग तुमचं पत्र आलं, घराण्याचं विचारलंत, आणि म्हातारा खूश झाला. आजोबांच्या पाइपची गोष्टही खोटी आहे. ते पाइप ओढतच नव्हते.

काल एका नव्या घराच्या छपराचा सांगाडा पुरा झाला. आमच्यात अशा वेळी वर माळ चढवतात, छपरवाल्याने काळ्या मखमली कपड्यांत वरून भाषण करायचं, ग्लास रिकामा करायचा आणि खाली फेकून फोडायचा. फुटला की घराचं भलं. खालून लोक ओरडले, "पाश्के, चवड्यांवर उभं राहून बोल, पोटरी दिसू दे." मला पाठ असलेलं भाषण आठवेना. बावीस वर्षं तेच भाषण करतोय. ग्लास टाकला तर तो वाळूच्या ढिगात पडला आणि तसाच राहिला. घरमालकाच्या बायकोने तो उचलून ॲप्रनमध्ये लपवला, माझी लाज राखायला.

मला शिकवताना म्हाताऱ्याचा एकच नियम होता: एका कौलाला दोन खिळे. एका खिळ्यावरही कौल बसतं, खालून काही दिसत नाही, वादळ येईपर्यंत सगळं ठीक असतं. सोळाव्या वर्षी एका कौलाला मी एकच खिळा मारला होता. त्याने सबंध ओळ उतरवायला लावली. तुमचा अहवाल निवासाच्या बाईंनी मोठ्याने वाचला तेव्हा मी त्याच्या पलंगाशी बसलो होतो. बाईंनी कपाट परत जागेवर सरकवलं. म्हातारा म्हणाला, "बरं झालं, तुझ्यासारख्या पायांना लागतच नव्हती फळी, मग मला कशाला लागेल." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मला फार लाज वाटते. दुसरा शब्द नाही. मला यादीतून काढा आणि हिशेब पुन्हा करा. प्राध्यापकांना हे पत्र दाखवा, साप्ताहिकात छापायचं असेल तर छापा. म्हाताऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

रूडिगर पाश्के


बर्लिन, ९ मे २००४

हेर पाश्के,

तुमचं पत्र प्राध्यापकांना दिलं. त्याबरोबर माझं स्वतःचं एक द्यावं लागलं. त्यात काय होतं ते तुम्हाला कळायला हवं.

तुमच्या पलंगाच्या चारही पायांखाली काळ्या पेट्या होत्या. तुम्ही सगळे त्यांना चाकांचे ब्रेक समजायचात. ते वजनाचे काटे होते. कोण कुशीवर वळलं, कोण नाही, ते रात्रंदिवस कागदावर उमटायचं. दहा ऑक्टोबरपासून तुमची रेघ रोज दुपारी एक वीसला शून्यावर यायची आणि एक बेचाळीसला परत चढायची. रोज बावीस मिनिटं. घड्याळ लावून घ्यावं इतकी नेमकी.

तो कागद रोज संध्याकाळी मीच तपासायचे. पहिल्या दिवशी मी समासात लिहिलं, "तार सैल." दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी एक वाजून पस्तीस मिनिटांनी तुमच्या दारापर्यंत आले. आतून फरशीवर टाचा टेकल्याचा आवाज येत होता. मी दारावर ठोकायला हात वर केला, आणि ठोकलं नाही. वॉर्डातून परत जाताना पायांचा आवाज होऊ नये म्हणून बूट हातात घेतले होते.

नुसतं पडून राहायला दहावा माणूस मिळायला मला चार महिने लागले होते, हेर पाश्के. तुम्हाला काढलं असतं तर अभ्यास पुढच्या वर्षावर गेला असता. मला वाटलं, दोन-तीन दिवसांत कंटाळाल. नंतर वाटलं, बावीस मिनिटांनी काय होतंय. नंतर मी काही वाटून घेणंच सोडलं आणि "तार सैल" लिहीत गेले, अडतीस वेळा.

म्हणजे फेब्रुवारीत मी तुम्हाला घराण्याबद्दल विचारलं ते सगळं ठाऊक असताना. तुम्ही तोंडाने कबूल करावं म्हणजे मला माझं सांगावं लागणार नाही, असा माझा बेत होता. तुम्ही आजोबांचा पाइप काढलात तेव्हा मी तो खरा मानायचा खूप प्रयत्न केला. रात्री आईला फोन करून म्हणालेसुद्धा, काही माणसं असतात अशी. मार्चमध्ये लिहिलं, "मी रागावणार नाही." केवढी उदार.

तुम्हाला काढून हिशेब केला तर फरक दिसतो, चांगला दिसतो. पण तो कुणी मानणार नाही, कारण कागद तपासणारी मी होते. तुमची कबुली खरी म्हणजे माझी नोंद खोटी, आता माझ्या इतर एकोणीस रेघांवरही कुणाचा विश्वास नाही, आणि तो नसावाही. परिषदेतून अहवाल मागे घेतला आहे. पुढच्या वर्षी नवे लोक, नवा तपासनीस. प्रबंधाचं काय ते प्राध्यापकांनी सांगितलेलं नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

फळी वडिलांच्या कामाची आहे की नाही, हे वर्षभर तरी सांगता येणार नाही. तुमचं उत्तर तुमच्याकडून हिरावलं गेलं त्यात निम्मी मी आहे. निम्मीपेक्षा जास्त. तुम्ही भ्यालात. मला कशाचीही भीती नव्हती, फक्त घाई होती.

विबके हार्मसेन


टेम्प्लिन, २३ मे २००४

फ्राऊ हार्मसेन,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. बूट हातात घेतल्याचं वाचून मी एकटाच हसलो, मग हसू आलं याचीही लाज वाटली. तुमच्यावर राग धरायला मी कोण.

गुरुवारी म्हाताऱ्याला सांगितलं. समोरचा पोस्टमन चहाला खाली गेला होता. दार लावलं, खुर्ची ओढली आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. पलंगाखाली काटे होते हेही सांगितलं, फक्त तुमची तेवढी गोष्ट सांगितली नाही, ती तुमची आहे.

तो म्हणाला, "खरा किती दिवस पडलास?"

"अठरा," म्हणालो.

"मी चारशे पंचवीस." मी घरी येऊन कॅलेंडरवर मोजले, बरोबर निघाले. "एकदाही उठलो नाही. आणि माझ्या पलंगाखाली कुणी काटे लावलेले नाहीत."

मी मान खाली घालून बसलो. ओळ उतरव, असं काहीतरी म्हणेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पांघरूण काढ."

मी खिडकीकडे बघितलं. तो म्हणाला, "तिकडे नाही. इकडे."

मी काढलं. पोटरी नव्हतीच, हेर पाश्के सीनियरची. नडगीचं हाड होतं आणि त्यावर कातडी, माझ्या मनगटाएवढा पाय. ज्या पायाखालच्या शिडीला मी लहानपणी दोन्ही हातांनी धरून उभा राहायचो, तो हा पाय. मी हात ठेवला. थंड होता. माझा हात थरथरत होता, आणि त्याच्या पायात काहीच हललं नाही.

"त्या फळीने यांचं काही झालं असतं का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," म्हणालो. "आतापर्यंत कळलं असतं. माझ्यामुळे राहिलं."

तो म्हणाला, "हात काढू नकोस, ऊब लागते."

रूडिगर पाश्के